नऊ सेकंदांच्या पुढं

तुम्ही एका बाईची हाक पळवलीत. चोरी म्हणवत नसेल तर दुसरा शब्द तुम्हीच शोधा, भाषणं लिहून देणारी माणसं तुमच्या पदरी आहेत. तुम्ही तिला बक्षीस दिलंत, मान्य. फोटो छापलात, तेही मान्य. पण ज्या एका हाकेसाठी बक्षीस दिलंत, तीच कपाटात कोंडून वर कुलूप घातलंत. आणि ज्याला ती हाक मारली होती, तो माणूस आटपाडीच्या माळापासून कृष्णाकाठापर्यंत मेंढरांमागे चालत अजून कानोसा घेत हिंडतोय.

त्या माणसाचं नाव तात्याबा. धनगर. वय सत्तरीला टेकलेलं, गुडघे गेलेले, कान मात्र शाबूत. दोनशे मेंढरांतलं कुठलं खोकतंय ते पाठमोरा असताना सांगतो. त्याची बायको रंगुबाई. तुम्ही तिला 'पदार्पणातील उत्कृष्ट अभिनेत्री' ठरवलंत. छप्पन्नाव्या वर्षी पदार्पण! चार बाळंतपणं आणि चाळीस वर्षांची वणवण झाल्यावर बाईनं म्हणे पाऊल टाकलं. बरं, तेही राहू द्या.

सहा वर्षांपूर्वी काय झालं ते आधी सांगतो.

दिवाळी उरकली की तात्याबाचा वाडा, म्हणजे सगळं बिऱ्हाड, मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायचा. उसाचा पट्टा लागला की डिग्रजला शांतिनाथ पाटलाच्या रानात मुक्काम ठरलेला. शांतिनाथ जैन, बागायतदार. तुटलेल्या उसाच्या रानात मेंढरं बसवली की लेंडीचं खत आयतं मिळतं, म्हणून त्याच्या बापापासून ही रीत. दिवस मावळायच्या आत जेवून शांतिनाथ रानात यायचा आणि तात्याबाच्या चुलीशी बसायचा. खायचा काही नाही, बोलायचा मात्र पोटभर. त्याची बायको गुणमाला रंगुबाईला जुनेर द्यायची, रंगुबाई तिला घोंगडीचं सूत कातायला शिकवायची. तिला ते कधी जमलं नाही. दर साली नव्यानं शिकवणी, दर साली नव्यानं हसू.

त्या साली पुण्याचा एक दिग्दर्शक पोरगा सिनेमा काढायला आला. दाढी वाढलेली, खिशात पैसा नसलेला, पण माणूस म्हणून बरा. त्यानं खऱ्या धनगरांनाच सिनेमात घेतलं. नावंसुद्धा खरीच ठेवली. तात्याबा म्हणजे तात्याबा, रंगुबाई म्हणजे रंगुबाई. दोन महिने कॅमेरा मेंढरांमागून फिरला. सगळं नीट चाललं होतं, आणि एका सकाळी घोडं अडलं.

सीन साधा होता. मेंढरं घेऊन नवरा लांब गेलाय, वावटळ उठलीय, बायको बांधावर चढून त्याला हाक मारते. बस्स.

पोरगा म्हणाला, "काकू, नावानं हाक मारा. मोठ्यानं."

रंगुबाईनं पदर दातात धरला. "मी न्हाई नाव घ्याची."

"अहो, सिनेमा आहे."

"सिनेमा तुमचा. नवरा माझा हाय."

आता हे तुम्हाला काय कळणार? आमच्याकडे बाई नवऱ्याला 'आवं' म्हणते, 'मंगलचं आबा' म्हणते, अगदी राग आला तर 'धनगरा' म्हणते. नाव घेत नाही. चाळीस वर्षांत रंगुबाईनं तात्याबाचं नाव एकदाच घेतलेलं, लग्नात, उखाण्यात. आणि त्या वेळी गजीढोल असा घुमत होता की शेजारी बसलेल्या नवऱ्याला शब्द ऐकू आला नाही. पुढं कितीदा तरी तात्याबानं थट्टेत मागितलं, "एकदा घे की गं, कोण बगतंय?" ती म्हणायची, "मेंढरं बगत्यात."

अर्धा दिवस शूटिंग बंद. रंगुबाई बाभळीखाली जाऊन बसली. सगळे समजावून थकले. शेवटी दिग्दर्शक वैतागून म्हणाला, "ठीक आहे, तुम्ही नुसतं तोंड उघडा. हाकेचा आवाज पुण्याच्या एका नटीकडून नंतर घालतो."

रंगुबाई ताडकन उठली. "काय म्हनलास? माझ्या नवऱ्याला दुसरी बाई हाक मारनार? कोन गं ती भवानी?"

सगळे हसले. शांतिनाथ तर गुणमालाशेजारी बांधावर बसून डोळे पुसायला लागला. रंगुबाईनं मग अट घातली. "त्यास्नी लांब धाडा. पाटाच्या पल्याड. वारं हिकडनं तिकडं नगं, तिकडनं हिकडं पायजे. त्यांच्या कानावर जायला नगं. मग घेती."

तात्याबाला मेंढरांसकट पाटापलीकडे पिटाळलं. तिथून त्याला ती बांधावर दिसली, बोटाएवढी. तिनं डोळ्यावर हात धरला, पदर सारखा केला, छाती भरून श्वास घेतला. मग तोंडाजवळ हात नेला. वारं उलटं होतं. त्याला फक्त मेंढरांचं बें बें ऐकू आलं.

संध्याकाळी ती भाकरी थापत असताना त्यानं विचारलं, "घेतलंस का?"

"घेतलं."

"काय म्हनलीस?"

"तुमचं नाव काय हाय त्ये म्हनली."

"कसं म्हनलीस? म्हन की आता."

रंगुबाई चुलीत फुंकर घालत हसली. "सिनेमात बगा की. तिकीट काडून."

असा तो वायदा. पुढच्या वर्षी रंगुबाईला कावीळ झाली. मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. शेवटचे दोन दिवस नाकातोंडात नळ्या. तात्याबानं तिला नावाचं काही विचारलं नाही. सिनेमा येणारच होता. तिकीट काढायचं होतं. ती गेली.

ती गेल्यावर पाच महिन्यांनी तुमचं पत्र आलं. सोहळ्याला या, पुरस्कार स्वीकारा. तात्याबाला वाचता येत नाही. गुणमालानं वाचून दाखवलं. त्यानं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट डोक्यात धरली, आता सिनेमा दाखवणार. सिनेमाला बक्षीस, मग बक्षिसाच्या जागी सिनेमा दाखवणारच. दुसरं काय दाखवणार?

यात त्याची काय चूक? आमच्या बिरोबाच्या जत्रेत आधी गजीनृत्य होतं, ढोल होतो, ओव्या होतात, भंडारा उधळतात. सगळ्यात शेवटी देवाची भाकणूक, पुढच्या सालाचं भविष्य. जे ऐकायला आलो ते शेवटी, हे तात्याबाला लहानपणापासून ठाऊक. म्हणून तो तुमच्या त्या मोठ्या हॉलमध्ये निवांत बसला. नाच झाले. विनोद झाले. एका नटानं दुसऱ्या नटाच्या टकलावर टपली मारली, लोक हसले. लिफाफे फुटले. तात्याबा शेजारच्या शांतिनाथला म्हणाला, "चालू द्या अन्ना. आपलं शेवटी असतंय."

मग रंगुबाईचं नाव पुकारलं. तात्याबा स्टेजवर गेला. तुमच्यात एक रीत आहे, बक्षीस द्यायच्या आधी मागच्या पडद्यावर त्या माणसाच्या कामाचा तुकडा दाखवायचा. नऊ सेकंद. पाहुणे बक्षिसाची बाहुली घेऊन पुढं आले तेव्हा तात्याबानं त्यांच्याकडे पाठ केली, कारण मागं पडद्यावर रंगुबाई उभी होती. घराएवढी. डोळ्यावर हात धरला. पदर सारखा केला. श्वास घेतला. हात तोंडाजवळ नेला.

आणि टाळ्या. पडदा निळा. तुमचं चिन्ह गरागरा फिरायला लागलं.

तात्याबानं हात वर केला. "थांबा की! ती बोलतीया!"

माईक चालू होता. सगळ्या हॉलनं ते ऐकलं आणि लोकांना भरून आलं. म्हातारा दुःखानं वेडापिसा झालाय असं वाटून ते आणखी जोरात टाळ्या वाजवायला लागले. स्टेजच्या कडेला तीस सेकंदांचं घड्याळ होतं, ते संपलं. तुमच्या रिवाजाप्रमाणे वाजंत्री सुरू झाली. एका पोरीनं त्याला दंडाला धरून खाली आणलं.

तरी तो बसून राहिला. चार तास झाले, खुर्च्या रिकाम्या झाल्या, लाल सतरंजीची गुंडाळी झाली. शांतिनाथची सांगायची छाती होईना. शेवटी राखणदार म्हणाला, "बाबा, संपलं."

"आन सिनेमा?"

"इथं सिनेमा दाखवत नाहीत. इथं नुसती बक्षिसं देतात."

तेव्हापासून तात्याबाकडे दोन वस्तू आहेत. एक तुमची बाहुली, हातात पणती घेतलेली बाई. त्याचा थोरला मल्हार विट्याच्या लोकांबरोबर कोईमतूरला गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या दुकानात आहे. सुट्टीला आला तेव्हा त्यानं ती कसोटीवर घासली. "आबा, पितळ हाय. वर मुलामा."

"असू दे. मला कुठं आटवायचीया?"

दुसरी वस्तू म्हणजे मल्हारनं सोहळ्याच्या व्हिडिओतून काढून मोबाईलमध्ये घालून दिलेले ते नऊ सेकंद. दर मुक्कामाला, मेंढरं बसली की तात्याबा ते लावतो. श्वास घेते, हात तोंडाजवळ नेते, टाळ्या. टाळ्यांच्या आधी तो मोबाईल कानाला लावतो, जणू टाळ्यांच्या मागं काहीतरी उरलं असेल.

सिनेमा कुठल्या टॉकीजला लागला नाही. सांगलीला नाही, विट्याला नाही, साताऱ्याला नाही. पैसे घातलेले दोघे भागीदार कोर्टात गेले. दिग्दर्शक पोरगा फोनवर रडला, "काका, सगळं त्यांनी ताब्यात घेतलंय. माझ्याकडे एक फोटोसुद्धा नाही. पण पुरस्कारवाल्यांकडे एक प्रत जमा आहे. नियमच आहे तसा."

म्हणजे तुमच्याकडे.

गुणमाला अर्ज लिहायला बसली. तिच्या हातात मानपत्र होतं. तिनं ते पहिल्यांदाच नीट वाचलं. 'नवऱ्याला मारलेल्या एका हाकेत आयुष्यभराची ओढ व्यक्त करणाऱ्या सहज अभिनयासाठी.' खाली पाच परीक्षकांच्या सह्या. ती वाचता वाचता थांबली.

"काय झालं वैनी?"

"काही नाही."

"या कागदात काय हाय त्ये नीट सांगा."

तिनं सांगितलं. तात्याबा बराच वेळ काठीनं माती उकरत बसला. मग म्हणाला, "मंजे पाच परीक्षकांनी ऐकलं."

"हो."

"तुमीबी तवा बांधावर हुतासा. तुमीबी ऐकलं."

"हो. स्पष्ट घेतलं तिनं नाव."

"कसं घेतलं?"

गुणमालानं इकडंतिकडं पाहिलं. शांतिनाथ विहिरीकडे गेला होता. तिनं तोंडाजवळ हात नेला आणि हळू म्हटलं, "तात्याबाऽऽ."

तात्याबानं मान हलवली. "तसं न्हाई वैनी. त्ये तुमी म्हनलासा."

पहिल्या अर्जाला तुमचं उत्तर आलं, प्रत केवळ परीक्षणासाठी आहे. दुसऱ्याला आलं, निर्मात्यांची लेखी परवानगी जोडा. तिसऱ्याला आलं, मयत व्यक्तीशी नातं सिद्ध करणारा विवाहाचा दाखला जोडा. विवाहाचा दाखला! त्या लग्नाला साक्षीला माळ होता, आभाळ होतं आणि ढोल. जोडा म्हणे. चौथ्या अर्जाला उत्तर आलंच नाही.

आणि या साली तुमच्या पुरस्काराला पन्नास वर्षं झाली. तुम्ही इतिहासाचं प्रदर्शन काढलंत, गावोगाव फिरवलंत. सांगलीला आलात. जिल्ह्यातल्या जुन्या विजेत्यांचा सत्कार म्हणून तात्याबालाही बोलावणं आलं. मेंढरं तेव्हा शांतिनाथच्याच रानात होती. राखणीला बिराप्पाला, म्हणजे भावाच्या पोराला बसवून तात्याबा फेटा बांधून निघाला. बाहुली घोंगडीत गुंडाळून घेतली.

"ही कशाला रं?" शांतिनाथनं विचारलं.

"असू द्या अन्ना. माहेरला जाऊन ईल."

हॉलमध्ये काचेच्या पेट्या मांडल्या होत्या. गळ्यात बिल्ला लटकवलेले तुमचे साहेब एकेक पेटी समजावून सांगत होते. गोड बोलणारा माणूस. पहिल्या साली बाहुली नव्हती, नुसती तांब्याची पाटी होती आणि तीही फक्त निर्मात्याला. नटनट्यांना तिसऱ्या साली मिळाली. गाणाऱ्यांना तर पुरस्कारच नव्हता. एका साली त्यांनी सोहळ्यात गायला नकार दिला, तेव्हा कुठं मिळाला. निकालाच्या लिफाफ्याला पूर्वी लाखेची मोहोर असायची. हा बघा पहिला लिफाफा. ही बघा एका नटीनं त्या दिवशी डोक्यात माळलेली वेणी, सुकलेली, पण जपलीय.

तात्याबा काचेला नाक लावून वेणी बघत होता. "सायेब, आवाज कुठल्या पेटीत ठिवल्यात?"

"आवाज?"

"व्हय. येनी ठिवलीया, पाकीट ठिवलंया. हाक कुठं हाय?"

साहेब हसले. त्यांना ते आवडलं. त्यांनी वहीत टिपूनसुद्धा घेतलं.

शेवटच्या भिंतीवर पडदा होता. पन्नास वर्षांचे तुकडे एकामागून एक, आवाज बंद. एवढ्या गर्दीत आवाज कशाला, म्हणे. तात्याबा तिथं उभा राहिला. माणसं आली, गेली. अर्ध्या तासानं रंगुबाई आली. डोळ्यावर हात. पदर. श्वास. तोंडाजवळ हात. गेली. शांतिनाथनं चहा आणला, तो निवला. पुन्हा अर्धा तास. पुन्हा आली, पुन्हा गेली. गुणमाला शेजारी येऊन उभी राहिली. तिनं पाहिलं, रंगुबाईनं श्वास घेतला की तात्याबापण श्वास घेत होता, आणि तो तिला सोडायला मिळत नव्हता म्हणून यालाही सोडता येत नव्हता.

तो साहेबांकडे गेला. हात जोडले. आयुष्यात मालकाच्या बांधावर मेंढरू गेलं तेव्हा जोडले असतील, तेवढेच.

"सायेब, मला बक्षीस नगं. तेवढी एक हाक ऐकवा. बंद खोलीत ऐकवा. माझ्याबरुबर पोलीस बसवा. मी कुनाला सांगनार न्हाई."

साहेबांचा चेहरा खरंच पडला. "बाबा, मला समजतंय. पण आमचं काम पुरस्कार देणं. चित्रपट दाखवणं आमच्या अखत्यारीत नाही."

"तुमी ऐकलीया का ती?"

साहेब गळ्यातला बिल्ला चाचपू लागले.

"ऐकलीया का?"

"मी त्या वर्षी परीक्षक समितीचा सचिव होतो," साहेब खाली बघत म्हणाले. "ऐकलीय."

तात्याबा त्यांच्याकडे बघत राहिला. परक्या माणसाच्या कानात आपल्या बायकोनं घेतलेलं आपलं नाव पडून आहे. कान कापून तर घेता येत नाही. त्याला राग आला का? मला विचाराल तर यायला हवा होता. पण तो थोडा पुढं सरकला आणि हळूच, चोरून विचारावं तसं म्हणाला, "बरी म्हनली हुती का?"

साहेबांनी मान डोलावली.

एवढ्यात सत्कार सुरू झाला. शाल, नारळ, फोटो. तात्याबाचं नाव पुकारलं. निवेदिकेनं सांगितलं, मनोगत तीस सेकंदांत, परंपरेप्रमाणे. लोक हसले. तात्याबा वर गेला. घोंगडी सोडली, बाहुली काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली, अगदी हलक्या हातानं, जित्या कोकराला ठेवावं तशी.

"ही तुमची बाई तुमाला परत," तो म्हणाला. "माझी बाई तुमच्याकडं हाय."

तो पुढं काही बोलणार तोच घड्याळ संपलं आणि वाजंत्री वाजायला लागली. मुंगीवरसुद्धा पाय पडू नये म्हणून जपून चालणारा शांतिनाथ पाटील शेवटच्या रांगेतून उठला, आवाजाच्या यंत्रापाशी गेला आणि त्यानं पिन उपटली. यंत्रावरचा पोरगा म्हणाला, "ओ काका!" शांतिनाथ म्हणाला, "गप बस गड्या. चार वर्षं वाजवलंय तुमी."

माईकही बंद पडला. त्याची तात्याबाला गरज नव्हती. पाटापलीकडच्या मेंढराला हाक मारणारा गळा तो. त्यानं घोंगडी स्टेजवर अंथरली आणि तिच्यावर मांडी घालून बसला.

"मेंढरं अन्नाच्या रानात बसल्यात," तो म्हणाला. "चार दिस हलत न्हाईत. मलाबी घाई न्हाई. ती म्हनली हुती, सिनेमात बगा, तिकीट काडून. मी तिकीट काडायला तयार हाय. नियम तुमचा, कुलूप तुमचं, किल्ली तुमच्याच कमरंला. तिनं मला हाक मारलीया आन मी अजून 'ओ' दिली न्हाई. सा वर्सं बाई बांधावर उभी हाय. कवा ऐकवतासा? आज, उद्या, का मी मेल्यावर? तारीख सांगा, सायेब. कुठली तारीख?"